वाडगा वापरायचा की मांडायचा?

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, शेंगाचटणी आठवते, जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आठवते. लाकूडकामासाठी सोलापूरचं नाव कोणी घेत नाही. तो मान सावंतवाडीचा, नाहीतर कर्नाटकातल्या चन्नपट्टणचा. तरीही पाळण्याचे खांब, कॉटचे पाय, जिन्याच्या कठड्याचे दांडे, देवघराच्या कमानीचे खांब, लाटणी, रव्या, भोवरे हे सगळं कातकाम सोलापूरकरांच्या घरात होतंच, आणि ते करणारे हातही आसपासच होते. त्या वस्तूंची गिऱ्हाइकं आता आटली आहेत. नव्यानं लेथपाशी येणाऱ्यांना वाडगे, फुलदाण्या, शोभेच्या वस्तू करायच्या आहेत.

खालचे मामा-भाची म्हणजे कोणी एक घर नव्हे. या कामात ज्या दोन बाजू हटकून समोरासमोर येतात, त्या मी या दोघांच्या तोंडी घातल्या आहेत. मामांचं आयुष्य पाळण्याच्या खांबांत गेलं. भाची डिझाइन शिकून आली आहे. माझा कल कुठे आहे ते मी लपवणार नाही. मधूनमधून तोंड घालीन.

मामा: हे कडुनिंबाचं खोड कुठनं उचललंस?

भाची: वळवाच्या वाऱ्यात मागच्या बोळातलं झाड पडलं. वखारवाला जळणाच्या भावानं नेत होता. मी त्याच भावानं दोन ओंडके मागून घेतले.

मामा: जळणाचंच ते. ओलंकच्च आहे अजून. आपलं ऊन ठाऊक आहे न्हवं? मे महिन्यात पारा बेचाळीसपर्यंत जातो. आज कातशील आणि आठ दिवसांत बोट जाईल एवढी चीर पडंल.

भाची: आख्खा ओंडका तसाच ठेवला तर पडेल. लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही, मामा. वाढीच्या वलयांच्या दिशेनं ते जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. हा ताण कुठेतरी सुटायलाच हवा, म्हणून चीर जाते. मी ओंडका गाभ्यातून उभा फाडणार, गाभा काढून टाकणार आणि प्रत्येक अर्ध्यातून एक वाडगा काढणार. ओला असतानाच, पण जाड. दहा इंच व्यासाचा असेल तर काठ एक इंच. मग आडव्या कापाच्या बाजूंना मेण लावायचं, वाडगा त्याच्याच भुशात घालून कागदी पिशवीत ठेवायचा, सावलीत, काही महिने. तो वाकडा होईल, लांबट होईल, पण फाटणार नाही. वाळला की पुन्हा लेथवर चढवायचा आणि गोल करायचा.

मामा: म्हणजे एक वाडगा दोनदा कातायचा. आणि मधल्या महिन्यांत पोटाला काय?

भाची: मधल्या महिन्यांत दुसरे वाळत असतात.

मामा: आमच्यातबी लाकूड मुरवायचे, पण त्याला कारण असायचं. बाभळीचा बाहेरचा पांढरा भाग भुंगा खातो. म्हणून बैलगाडीच्या चाकाचा तुंबा करायचा तर ओंडका सहा सहा महिने पाण्यात बुडवून ठेवायचे. मग भुंगा शिवत नव्हता. तुंबा फुटला तर गाडी रस्त्यात बसती. तुझा वाडगा फुटला तर कोणाचं काय अडलं?

हा प्रश्न टोचणारा आहे आणि टाळता येण्यासारखा नाही. तुंबा, पाळण्याचा खांब, लाटणं, पखवाजाचं खोड या कातीव वस्तूंवर कोणाचं तरी काहीतरी अवलंबून असे. धोट्यात बसणारी लाकडी कांडी नीट गोल नसली तर सूत तुटे आणि विणकराची मजुरी बुडे. १८७०च्या दशकात सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली. त्यानंतर शंभर वर्षं हे गाव सुतावर जगलं आणि त्या सुताखाली लाकडी रिळं, बॉबिन, कांड्या फिरत होत्या. प्लास्टिक आलं आणि त्या गेल्या. पुढे मोठ्या गिरण्याही गेल्या. कातकामाला जी अचूकता लागते, ती शिकवणारं गिऱ्हाईकच उठून गेलं.

भाची: मग बंद करायचा का लेथ? कॉटचे पाय आता सीएनसीवर निघतात. एकदा आकार भरला की शंभर पाय एकसारखे. पाळणे लोखंडी झाले, जिने काचेचे झाले. तुम्हीच सांगा, गेल्या वर्षी लाकडी पाळण्याला कितीजण आले?

मामा: ते सांगायला कशाला पाहिजे, दुकान बघ की.

भाची: म्हणून म्हणते. जी वस्तू यंत्राला सारखी सारखी करता येते तिच्यात आता आपण नाही. या निंबाच्या ओंडक्यात एक गाठ आहे. तिच्याभोवती रेषा कशा वळल्यात बघा. ही दुसऱ्या कुठल्या ओंडक्यात नाही.

मामा: सीएनसीला वाडगाबी येतो, पोरी. आणि ती गाठ उद्या निखळून भोक पडलं, की तू त्यात निळं रेझिन ओतणार आणि त्याला कला म्हणणार. बघितलंय मी मोबाइलवर. पाळण्याच्या खांबाला केसाएवढी चीर दिसली तरी मी तो बाजूला टाकत होतो. लेकराचा हात फिरतो त्याच्यावरनं. तुमच्यात चिरेचंच कौतुक!

इथे मी मामांच्या बाजूनं आहे, निदान अर्धा. चिरेत रंगीत रेझिन भरलेल्या वस्तू सध्या जिकडेतिकडे दिसतात. त्यांतल्या थोड्याच पाहण्यासारख्या असतात. बाकीच्यांत लाकूड नीट वाळवलं नव्हतं एवढंच कळतं. भाचीचा ओंडका मात्र त्यातला नाही. ती कशी कातते ते एकदा जवळून पाहायला हवं.

अर्धा ओंडका करवतीवर गोल कापून झाला आहे. त्याच्या सपाट बाजूला लोखंडी तबकडी स्क्रूनं आवळून तो लेथच्या डोक्यावर चढवला आहे. ओला आणि जड आहे, शिवाय तोल सारखा नाही, म्हणून वेग कमी ठेवला आहे: मिनिटाला पाचशे फेऱ्यांच्या आसपास. तरीही पहिली काही मिनिटं सगळं बाकडं थरथरतं. तिच्या हातात लांब मुठीची पन्हळी पटाशी आहे. ती धार थेट लाकडात घालत नाही. आधी धारेमागची उतरती पाठ फिरत्या लाकडावर टेकवते, लाकूड नुसतं घासू देते, मग मूठ किंचित उचलते. त्या क्षणी आवाज बदलतो. खरखर थांबून फाडल्यासारखा लांब आवाज येतो आणि ओल्या लाकडाच्या पट्ट्या तिच्या खांद्यावरून मागे उडतात. निंबाचा कडवट वास खोलीभर पसरतो.

मामा: हात कुठनं कुठं नेतीस ते बघून ने. लाटणं कातताना जाडीकडनं बारीककडं यायचं. वाडग्याला उलटं. बाहेरनं कातताना तळाकडनं काठाकडं, आतनं कातताना काठाकडनं तळाकडं. न्हाईतर रेषा उचकटतात.

भाची: ते शिकले. तरी या दोन जागा बघा. फेरीत दोनदा लाकडाचं आडवं टोक धारेसमोर येतं, तिथेच खरबरीत राहतं.

मामा: राहणारच. पटाशीला धार लाव. पॉलिशपेपरनं ते जात नाही, नुसतं झाकतं. धार लावायचा कंटाळा करणाऱ्यानं या धंद्यात येऊ नये.

एवढ्यात कळतं की हा वाद हुनराचा नाही. धार, वेग, रेषा यांवर दोघांचं एकमत आहे. वाद आहे तो वस्तू कोणासाठी आणि कशासाठी करायची याचा.

मामा: बरं, झाला तुझा वाडगा. काय ठेवणार त्याच्यात?

भाची: काही ठेवलंच पाहिजे असं नाही. टेबलावर तो एकटाही शोभेल. जेम्स प्रेस्टिनी नावाचा माणूस होता अमेरिकेत. शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअर. त्यानं १९३०-४०च्या दशकात लाकडाचे इतके पातळ वाडगे कातले की न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं ते आपल्या संग्रहात घेतले. वाडगा हा नुसता आकार म्हणूनही बघता येतो, हे त्यानं लोकांना पटवलं.

मामा: संग्रहालयात एक वाडगा जातो. बाकीचे कुठं जातात?

भाची: आणि त्याच काळात इंग्लंडमध्ये जॉर्ज लेली होता. बकलबरी नावाच्या गावात झोपडीत पायानं चालवायच्या लेथवर एल्म लाकडाचे वाडगे करायचा, जेवायचे आणि स्वयंपाकघरातले. एकाच ओंडक्यातून एकात एक बसणारे वाडगे काढायचा, म्हणजे लाकूड वाया जायचं नाही. १९५८ साली तो गेला आणि त्याच्यामागं ते काम चालवणारा कोणी राहिला नाही. त्याचा लेथ आता रेडिंगच्या संग्रहालयात आहे.

मामा: हा माणूस मला पटला.

भाची: पण बघा ना, वापरायचे वाडगे करणाऱ्याचा धंदा त्याच्याबरोबर संपला. शोभेचे वाडगे करणारे आज जगभर हजारो आहेत.

मामा यावर लगेच बोलत नाहीत. भाचीचा हा मुद्दा तिच्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा आहे, आणि तो मला आवडत नसला तरी खोडता येत नाही. हौसेनं कातणाऱ्यांनीच ही विद्या गेल्या पन्नास-साठ वर्षांत जिवंत ठेवली. अमेरिकेत लाकूड कातणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९८६ साली निघाली तीही मुख्यतः अशा मंडळींच्या जोरावर. आपल्याकडे हौसेला इतकी फुरसत आणि इतका पैसा कुठून येणार, हा वेगळा प्रश्न.

मामा: आपल्या घरात लाकडी वाडगा नवीन नाही. तुझ्या आजीची काठवट होती, त्यातच ती ज्वारीचं पीठ मळायची. वाकसानं कोरलेली, लेथवरची न्हाई. वर्षानुवर्षं पीठ आणि पाणी खाऊन आतनं गुळगुळीत झाली होती. तिला कोणी पॉलिश लावलं नव्हतं.

भाची: मग मी तेच म्हणते की! माझ्या वाडग्याला मला तेल लावायचंय. तुम्ही मेलामाइन मारा म्हणता.

मामा: गिऱ्हाइकाला चमक लागती. तेल लावलेल्या वस्तूवर धूळ बसती. पांढऱ्या कपड्यानं पुसली की डाग.

भाची: वाळणारं तेल लावलं तर नाही बसत. शेंगदाण्याचं तेल लावलं तर बसेल, ते वाळतच नाही, आणि महिन्याभरात खवट वास मारतं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, लाकडाच्या आत मुरून बसतं. फक्त हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं ‘बॉइल्ड’ नको, त्यात ते लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. खाण्याच्या भांड्याला साधं, घाण्याचं जवस.

मामा: आणि करडई?

हा प्रश्न मामांनी विचारला तेव्हा भाची थोडी गोंधळली, आणि मला हा सगळ्या वादातला सोलापुरी क्षण वाटतो. करडई ही या जिल्ह्याची रब्बीची सोबतीण. काटेरी म्हणून ज्वारीच्या कडेनं तिच्या ओळी पेरायच्या, म्हणजे जनावरं आत शिरत नाहीत. तिचं तेल जवसापेक्षा सावकाश वाळतं, पण जवसासारखं पिवळं पडत नाही. म्हणून फिक्या रंगांच्या पेंटमध्ये ते वापरलं जातं. पूर्वी करडईचं तेल कढवून दाट, काळपट करायचे आणि विहिरीच्या नाड्यांना, पाण्यात राहणाऱ्या चामड्याला लावायचे. मोट गेली, ते ज्ञानही तिच्याबरोबर गेलं. आता एक सावधगिरी मात्र हवी: हाय-ओलेइक नावानं मिळणारं करडईचं तेल खायला चांगलं असेल, पण ते वाळत नाही. लाकडाला जुन्या पारंपरिक वाणांचं तेल हवं, पातळ थरात, आणि दोन थरांमध्ये घाई नको.

मामा: तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस मात्र. जवस वाळताना गरम होतं. भुशाच्या ढिगात ती चिंधी पडली की आपोआप पेट घेती. पसरून वाळवायची, न्हाईतर पाण्यात बुडवायची.

भाची: आणि लाख? सावंतवाडीसारखी?

मामा: लाखेचा हात माझ्या बापाला होता. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरायची. घासून घासून जी उष्णता निघती तिच्यानं लाख वितळती आणि लाकडावर चढती. मग केवड्याचं पान दाबून फिरवायचं. असा रंग बसतो की आरशात तोंड बघावं. भोवरा, पाळण्याची फळं, खुळखुळा, सगळ्याला लाख.

भाची: खायच्या भांड्यालाही चालेल ना? औषधाच्या गोळ्यांवर शेलॅकचाच थर असतो.

मामा: लाख चालंल. रंग कुठला घातलाय ते बघ. आणि गरम आमटी ओतलीस की पांढरे डाग पडतील. लाख उष्णतेला भिती.

सावंतवाडीचं नाव निघालं म्हणून सांगतो: तिथल्या चितारआळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळं आणि खेळणी अजून होतात. चन्नपट्टणला लाकूड काळ्या कुड्याच्या जातीचं, आंध्रातल्या एटिकोप्पाकालाही तेच, आणि तिथे रंग बिया-साली-मुळ्यांचे. चन्नपट्टण आणि एटिकोप्पाका या दोन्ही गावांच्या कामाला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. सोलापूरच्या चादरीलाही तो मिळालेला आहे. सोलापूरच्या वाडग्याला मिळायचं काही कारण नाही, आणि मिळवण्याच्या मागे लागूही नये. एखादा वाडगा सावंतवाडीचा म्हणून विकण्याचा मोह मात्र बाजारात अनेकांना होतो. तो टाळायला हवा. इथलं लाकूड निंबाचं, बाभळीचं, चिंचेचं. चिंचेचा गाभा जांभळट-काळा आणि इतका कठीण की पटाशी दर थोड्या वेळानं धारेला न्यावी लागते. बाभळीचा गाभा तांबूस, जड. असल्या लाकडावर चकचकीत रंग चढवायचा म्हणजे लाकूडच झाकायचं.

काही महिन्यांनी वाडगा वाळला आणि पुन्हा लेथवर चढून गोल झाला.

भाची: मास्क लावा मामा, मी पॉलिशपेपर सुरू करतेय.

मामा: चाळीस वर्षं नाही लावला.

भाची: म्हणूनच लावा. लाकडाच्या धुळीनं नाकाचा कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं १९९५मध्येच सांगितलंय. शिसवाच्या धुळीनं तुमच्या डोळ्यांना खाज सुटते ती उगाच नाही.

मामांनी रुमाल बांधला. रुमालानं बारीक धूळ अडत नाही. भाचीनं त्यांच्या हातात खरा मास्क दिला आणि तो त्यांनी कुरकुर करत लावला. मग ऐंशीच्या कागदापासून चारशेच्या कागदापर्यंत एकेक पायरी, प्रत्येक पायरीनंतर ओल्या फडक्यानं पुसून वाळवणं, म्हणजे दबलेले तंतू उठतात आणि पुढचा कागद त्यांना कापतो. दोनशे चाळीसनंतर आडव्या टोकाच्या त्या दोन खरबरीत जागा तरी दिसल्याच. भाचीनं काही न बोलता कागद खाली ठेवला, पटाशीला धार लावली आणि अगदी पातळ एक पापुद्रा पुन्हा काढला. मामा बघत होते.

मामा: किंमत काय लावणार?

भाची: पंधराशे.

मामा: लाटण्याला शंभरची नोट काढताना बायका घासाघीस करतात.

भाची: लाटणं अर्ध्या तासात होतं. याला ओंडका धरून सहा महिने लागले.

मामा: सहा महिने लाकडानं घेतले, तू न्हाई. तुझे तास मोज, धारेचे मोज, विजेचे मोज, फुटलेले वाडगे त्याच्यावर चढव. मग जे निघंल ते माग. पंधराशे निघालं तर पंधराशे. पण गिऱ्हाइकाला सांग, यात शेंगाचटणी ठेवली तरी चालती. कडक भाकरी ठेवली तरी चालती. घासू नको, भिजत टाकू नको, पुसून ठेव, वर्षातनं एकदा तेल लाव. हे सांगितलंस तर मी उद्यापासनं तुझ्या हाताखाली उभा राहतो.

भाची: आणि कोणाला नुसता मांडूनच ठेवायचा असेल तर?

मामा: ठेवू दे की. पण त्याला वापरता आला पाहिजे.

माझा निकालही तोच आहे. शोभेसाठी घेतलेला वाडगा शोभेलाच राहील, त्याला हरकत नाही. पण शोभेच्या नावाखाली फाटकं लाकूड, खोटी चमक आणि न वाळणारं तेल खपवलं जातं ते थांबायला हवं. चांगल्या वाडग्याची परीक्षा सोपी आहे. त्यात पाणी घालून रात्रभर ठेवायचं नाही, पण चटणी ठेवून, पुसून, पुन्हा ठेवून बघायचं. वर्षभरानंतर तो अजून हातात घ्यावासा वाटला तर कातणाऱ्यानं काम केलं.

शेवटी वाचकांना एक विनंती. वळवात आपल्या अंगणातलं, बोळातलं एखादं निंबाचं, चिंचेचं, बाभळीचं झाड पडलं, तर ते थेट जळणाला देऊ नका. शहरात उभं झाड तोडायला १९७५च्या कायद्याखाली परवानगी लागते, पडलेल्याचीही महापालिकेला खबर द्या. मग खोड त्याच्या जाडीपेक्षा थोडं जास्त लांब अशा तुकड्यांत कापून घ्या, दोन्ही टोकांना त्याच दिवशी मेण नाहीतर जाड रंग फासा, सावलीत ठेवा आणि जवळच्या कातारी सुताराला, लेथवाल्याला बोलवा. टोकं उघडी ठेवून चार दिवस उन्हात पडलेल्या ओंडक्यातून मात्र मामांनाही काही काढता यायचं नाही.